घर समोर दिसतंय, मग वळसा कशाला?

घरी पहिल्यांदा येणारा प्रत्येक पाव्हणा फोनवर हेच विचारतो. "तुमच्या गच्चीवरची वाळत घातलेली चादर दिसतेय ओ, खरं रस्ता कुठनं?" मी सांगतो, मागं फिरा, मेन रोडला लागा, पुढच्या फाट्यानं आत या. पन्नास पावलांसाठी दीड किलोमीटर. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आमचा लेआउट बेळगावातल्या अनगोळच्या शिवारातला. इथं भात पिकायचं. एकानं आपला पट्टा विकला, त्यात प्लॉट पडले, मधून वीस फुटी रस्ता सुटला, तो बांधापर्यंत. पलीकडचा पट्टा भाऊबंदाचा. तो काही वर्षांनी विकला गेला आणि त्याचा रस्ता दुसऱ्याच बाजूनं निघाला. दोन्ही जोडायचे तर कुणाचा तरी एक प्लॉट रस्त्यात जाणार. कोण घालवणार? बांध गेला, त्या जागी भिंत आली.

जुन्या गावात असं नाही. गणपत गल्ली तुंबली तर मारुती गल्लीतनं निसटता येतं. टिळकवाडीतले रस्ते तर आखून काढलेले, पण तिथं रेल्वे आडवी आली. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, अशी पत्त्याची नावंच पडली!

हे फक्त बेळगावचं दुखणं नव्हे. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावरून जगभरचे रस्ते तपासले. कोपऱ्यावर किती रस्ते मिळतात, किती मध्येच संपतात, वळसा किती पडतो, हे मोजलं. 2020 साली त्यांनी मांडलं की 1975 पासून जगात बहुतेक ठिकाणी नवे रस्ते एकमेकांपासून तुटत चाललेत. मला त्यातली पटलेली गोष्ट वेगळीच: घर पाडून नवं बांधता येतं, एकदा पडलेला रस्ता मात्र पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. भावाभावांची वाटणी नकाशात कायमची बसली म्हणायची.

आमच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी एकेक दगड ठेवलाय. शाळेची पोरं त्यावरनं उड्या मारतात, गवळी पलीकडूनच हाक मारून पातेलं मागतो. दगड दोनदा गायब झाले, दोनदा परत आले. कोण ठेवतं, मी विचारत नाही.

तेव्हा तुम्ही याल तेव्हा गाडी पलीकडंच लावा. दगडावर पाय ठेवा, मी हात देतो.