पाच नंबरचं गाव

आमच्या पेठेतल्या पोरांना मी गेली सहा वर्षं फुटबॉल शिकवतो. मैदानाच्या कडेला चिंचेचं झाड आहे, त्याच्या फांदीला दोरीनं एक बॉल टांगलेला असतो. उडी मारायची, कपाळानं बॉल मारायचा, झुलत परत आला की पुन्हा मारायचा. मीही त्याच दोरीवर शिकलो. कोल्हापुरात स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळायचं तर पाय मागं घेतलेला एक वेळ खपतो, डोकं मागं घेतलेलं खपत नाही.

धाकटी बहीण एडिंबरोला नोकरीला आहे. एप्रिलमध्ये तिच्याकडे गेलो, तेव्हा किल्ला, सरोवरं, डोंगर हे सगळं तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. मी त्यातले तीन दिवस ग्लासगोसाठी मागून घेतले, एका माणसासाठी. बिली मॅकनील. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचा पाच नंबरचा स्टॉपर, बारा वर्षं कर्णधार, युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वांत मोठा कप, उचलणारा पहिला ब्रिटिश खेळाडू. ज्या माणसाचे मोठे गोल जवळजवळ सगळे डोक्याने झाले, त्याचं गाव मला बघायचं होतं.

पहिला दिवस हॅम्पडेनचा. ग्लासगो सेंट्रलवरून लोकल पकडून माउंट फ्लोरिडाला उतरायचं, की पाच-सात मिनिटांत स्टेडियम. भोवती साधी राहती घरं, बागेत वाळत घातलेले कपडे, आणि मधोमध हे अवाढव्य मैदान. आता इथे साधारण ५१ हजार माणसं बसतात. पूर्वी उभ्यानं लाखाच्या वर मावायची. आतल्या संग्रहालयात १८७३ पासूनचा स्कॉटिश कप ठेवलेला आहे, हातभर उंचीची चांदीची सुरई. मी बराच वेळ काचेला नाक लावून उभा होतो. मग मैदान दाखवायला नेलं, तेव्हा गाइडला मी एवढंच विचारलं, "१९६५ ला मॅकनीलनं हेड मारला तो गोल कुठल्या बाजूला?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, भारतातून आलो म्हटल्यावर हात मिळवला, आणि पुढची दहा मिनिटं आमच्या गटातले बाकीचे लोक बिचारे ताटकळत राहिले.

त्या गोलाचं महत्त्व कळायला चार वर्षं मागं जावं लागतं. १५ एप्रिल १९६१ ला मॅकनील स्कॉटलंडकडून पहिला सामना खेळला. वय २१, मैदान वेम्बली, समोर इंग्लंड. निकाल ९-३. नऊ गोल खाल्लेल्या संघाचा स्टॉपर! त्यानंतर अकराच दिवसांनी, याच हॅम्पडेनवर, स्कॉटिश कपच्या फायनलचा पुन्हा खेळवलेला सामना सेल्टिक डनफर्मलिनकडून ०-२ असा हरला. डनफर्मलिनचे मॅनेजर होते जॉक स्टीन, पूर्वी खाणीत काम केलेले, आणि त्याआधी सेल्टिकमध्ये याच मॅकनीलला पोरवयात शिकवलेले. ज्याच्या हाताखाली शिकला, त्यानंच हरवलं. दोन आठवड्यांत एवढं सोसून पुढे चौदा वर्षं त्याच जागेवर उभा राहिला, हे मला त्याच्या सगळ्या कपांपेक्षा मोठं वाटतं. स्टॉपरची चूक लपत नाही. फॉरवर्डनं दहा संधी घालवून एक गोल केला तर खांद्यावर घेतात. आमची नव्वद मिनिटांतली एकच चूक कट्ट्यावर वर्षभर निघते.

मार्च १९६५ मध्ये स्टीन मॅनेजर म्हणून सेल्टिकला परतले. पुढच्याच महिन्यात, २४ एप्रिलला, कपची फायनल, समोर पुन्हा डनफर्मलिन. एक लाख आठ हजारांवर प्रेक्षक. डनफर्मलिन दोनदा पुढे गेलं, बर्टी ऑल्डनं दोनदा बरोबरी केली. नऊएक मिनिटं उरली असताना चार्ली गॅलाहरनं डावीकडून कॉर्नर मारला आणि मागून धावत आलेला मॅकनील सगळ्यांच्या वर चढला. ३-२. १९५४ नंतर सेल्टिकला पहिल्यांदा हा कप मिळाला. आणि तिथून जे सुरू झालं ते १९६६ ते १९७४ अशा सलग नऊ लीग विजेतेपदांपर्यंत गेलं.

हॅम्पडेनचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. १९६९ ची फायनल, समोर ग्लासगोचाच दुसरा मोठा क्लब रेंजर्स. दुसऱ्याच मिनिटाला कॉर्नर, आणि मॅकनील मोकळा. हेडर, गोल, सेल्टिक ४-० ने जिंकलं. त्याला धरून ठेवायचं काम रेंजर्सच्या ज्या फॉरवर्डकडे होतं, त्याचं नाव ॲलेक्स फर्ग्युसन. होय, तेच, पुढे मँचेस्टर युनायटेडचे झालेले. त्या एका हेडरनं त्यांची रेंजर्समधली वाट बिकट झाली.

दुसऱ्या दिवशी चालत निघालो. शहराच्या मध्यापासून ग्लासगो ग्रीन ओलांडून लंडन रोडनं पूर्वेकडे गेलं की सेल्टिक पार्क. रस्ता लांब आहे, वारा अंगावर येतो. पण इथली माणसं या मैदानाकडे चालतच येत आली, म्हणून बस टाळली. वाटेत एका टपरीवर चौकोनी सॉसेज घातलेला गरम पाव खाल्ला. पोट भरलं, एवढंच त्याच्याबद्दल सांगतो.

आणि मग तो दिसला. मैदानाकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशीच, दोन्ही हात डोक्यावर, हातात युरोपियन कप. हा पुतळा डिसेंबर २०१५ मध्ये बसवला, तेव्हा मॅकनील स्वतः हयात होता. चौथऱ्याला कुणीकुणी हिरवे-पांढरे मफलर बांधून गेलेलं. मी कोल्हापूरहून आमच्या संघाचा रुमाल नेला होता. बांधला.

आतल्या सफरीत ड्रेसिंग रूम, तिथून मैदानात उतरायचा बोगदा, मैदानाची कड, सगळं दाखवतात. भारतीय माणसाला इथे आणखी एका आठवणीनं भरून येतं. १९३६ मध्ये कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे मोहम्मद सलीम बूट न घालता, पायाला पट्ट्या गुंडाळून सेल्टिकच्या संघातून याच मैदानावर उतरले होते. मी तेवढं मनात म्हणून पुढे गेलो, कारण माझं लक्ष गोलपोस्टवर होतं.

८ मार्च १९६७. युरोपियन कपची क्वार्टर फायनल. नोवी सादला वोयवोदिनाकडून पहिला सामना १-० असा हरून सेल्टिक घरी आलेलं. स्टीव्ही चाल्मर्सनं दोन सामन्यांची मिळून बरोबरी साधली, पण निर्णायक गोल काही होईना. तटस्थ मैदानावर तिसरा सामना होणार अशी सगळ्यांची समजूत झाली. शेवटचं मिनिट. उजवीकडून कॉर्नर. मारणारा पुन्हा चार्ली गॅलाहर, चढणारा पुन्हा मॅकनील. २-०. हा हेडर बसला नसता तर लिस्बनची फायनल घडली असती का, कोण जाणे. गॅलाहरला फायनलच्या अकरात जागा मिळाली नाही, याची मला आजही चुटपुट लागते. दोन कॉर्नर, दोन हेडर, क्लबचा इतिहास त्यांवर उभा आहे.

लिस्बनची फायनल २५ मे १९६७ ची. समोर इंटर मिलान, बचावाची भिंत म्हणून जगभर दबदबा असलेला संघ. सेल्टिकची पोरं अशी की सगळी ग्लासगोच्या तीस मैलांच्या आत जन्मलेली, बरीचशी तर दहा-बारा मैलांतली. म्हणजे कोल्हापूर, जयसिंगपूर, कागल, एवढ्या टापूतल्या अकरा जणांनी युरोप जिंकायला जावं, तसं. बोगद्यात बर्टी ऑल्डनं क्लबचं गाणं सुरू केलं आणि इटालियन खेळाडू बघतच राहिले. सातव्या मिनिटाला इंटरच्या मॅझोलानं पेनल्टीवर गोल केला. नंतर मात्र सेल्टिकनं भिंतीवर धडका मारमारून ६३ व्या मिनिटाला गेमेल आणि ८४ व्या मिनिटाला चाल्मर्स यांच्या गोलांनी सामना २-१ असा खेचला. गेमेलही बचावातलाच, लेफ्ट बॅक! प्रेक्षक मैदानात घुसले, बाकीचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये अडकले, आणि कप घ्यायला कर्णधाराला गर्दीतून वाट काढत स्टँडमधल्या संगमरवरी चौथऱ्यावर जावं लागलं. उन्हात कप वर धरलेला पाच नंबर. सेल्टिकचे नंबर तेव्हा शर्टावर नसत, चड्डीवर असत, त्यामुळे त्या फोटोतला पट्ट्यांचा शर्ट स्वच्छ, कोरा दिसतो.

मित्र त्याला 'सीझर' म्हणत. रोमन बादशहावरून नव्हे, सीझर रोमेरो या हॉलिवूडच्या नटावरून. पण कप उचललेल्या त्या ऐटीमुळे लोकांनी पुढे बादशहाच मानलं. १९७५ ला स्कॉटिश कप जिंकूनच त्यानं बूट काढले. क्लबच्या नोंदीत ८२२ सामने, जो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पुढे तो मॅनेजर झाला, दोनदा सेल्टिकचाच, आणि क्लबच्या शताब्दीच्या १९८७-८८ मोसमात लीग आणि कप दोन्ही आणले.

संध्याकाळी परत येताना ग्लासगो ग्रीनवर पोरं सराव करताना दिसली. नऊ-दहा वर्षांची असतील. शिकवणाऱ्याचा पाय मैदानाकडे वळतोच, म्हणून कडेला उभा राहिलो. थोड्या वेळानं एक गोष्ट खटकली. बॉल उंच आला की पोरं छातीवर घेत होती, नाहीतर टप्पा पडू देत होती. एकही डोकं पुढे जात नव्हतं. त्यांच्या प्रशिक्षकाला विचारलं. ते म्हणाले, "बारा वर्षांखालच्यांना सरावात हेडर नाही. २०२० पासून तशा सूचनाच आहेत." मी कुणाच्या वाटेनं आलोय ते सांगितलं, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मग तुम्हाला कारण माहीतच असेल."

माहीत होतं. वाचलं होतं, आणि बाजूला सारलं होतं. मॅकनीलला स्मृतिभ्रंश झाला होता. २०१७ मध्ये घरच्यांनी ते जाहीर केलं. शेवटी शेवटी त्याला बोलणंही अवघड झालं. २२ एप्रिल २०१९ ला तो गेला. आठवड्याभरात स्टीव्ही चाल्मर्स गेला, त्यालाही तोच आजार. त्याच वर्षी ग्लासगो विद्यापीठाच्या डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटानं ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला: मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारानं मृत्यू येण्याचं प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या साडेतीनपट. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार आकडे मांडले. गोलकीपरमध्ये फारसा फरक नाही. सर्वांत जास्त धोका बचावपटूंना, सुमारे पाचपट. मॅकनीलचा आजार हेडरमुळेच झाला असं कुणी डॉक्टर छातीठोकपणे म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण गोलकीपर आणि स्टॉपर यांच्यात काय फरक असतो ते मला कुणी शिकवायची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी बेल्सहिल, मॅकनीलचं जन्मगाव. सेंट्रलवरून शॉट्सच्या मार्गाची गाडी, अर्ध्या तासाच्या आत गाव. खाणींवर आणि पोलादावर जगलेलं, आता शांत. मँचेस्टर युनायटेडचे गाजलेले मॅनेजर मॅट बझबी जवळच्याच ऑर्बिस्टनमधले. एवढ्याशा गावानं फुटबॉलला किती दिलं! मॅकनीलची आई लिथुएनियन वंशाची, कारण खाणीत कामाला आलेली लिथुएनियन कुटुंबं इथे बरीच होती. वडील सैन्यात. गावात २०२२ मध्ये त्याचा पुतळा उभारलाय. समोरून एक आजीबाई पिशवी घेऊन चालल्या होत्या. मी फोटो काढतोय हे बघून थांबल्या, पुतळ्याकडे बघून "आमचा पोरगा," एवढं म्हणाल्या आणि गेल्या.

मी बाजूला बसलो. कोल्हापुरात दुपार झाली होती, तासाभरात पोरं मैदानावर जमली असती. माझ्या मागे सराव घेणाऱ्या पोराला फोन लावला.

"झाडाचा बॉल खाली घे."

"का वो दादा? दोरी तुटाय लागलीय का?"

"दोरी बरी हाय. खाली घे. बारक्यांना आजपास्नं छातीवर घ्यायला शिकव."

"आणि मोठ्यांना?"

"मोठ्यांचं आल्यावर बोलू. आज त्यांनाबी नको."

तो फोन चालू ठेवूनच झाडाकडे गेला असावा. फांदी हलल्याचा आवाज आला, मग बॉलचे तीन-चार टप्पे.