बनावट चेक वटवणाराही तेवढाच गुन्हेगार

चेकवर खोटी सही नेमकी कोणी केली, हे बरेचदा शेवटपर्यंत सिद्ध होत नाही. सही करताना कोणी पाहिलेलं नसतं. पण चेक कोणी भरला आणि पैसे कुठल्या खात्यात जमा झाले, याची नोंद बँकेत असतेच. म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ३४०(२) फार महत्त्वाचं आहे. बनावट कागद खरा म्हणून वापरणाऱ्याला तो बनवणाऱ्याइतकीच शिक्षा होते. चेक हा मूल्यवान रोखा, म्हणजे पैशांचा हक्क देणारा कागद, असल्यामुळे कलम ३३८ नुसार ती १० वर्षांपर्यंतची कैद किंवा जन्मठेपही असू शकते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहितेची कलमं ४७१ आणि ४६७ लागतात.

मात्र वापरणाऱ्याला कागद खोटा असल्याचं माहीत हवं, किंवा तसं समजायला सबळ कारण हवं. हेतूही लबाडीचा हवा. मालाच्या बदल्यात विश्वासाने चेक घेतलेला दुकानदार यात अडकत नाही. कमिशन घेऊन अनोळखी माणसाचा चेक स्वतःच्या खात्यात वटवून देणाऱ्याला मात्र ‘मला काय ठाऊक’ हे पटवून देणं कठीण जातं.

फिर्यादीत सगळी कलमं एकदम टाकायची सवय घातक आहे. शीला सेबॅस्टियन खटल्यात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की बनावटीकरणाचं कलम प्रत्यक्ष खोटा दस्तऐवज बनवणाऱ्यालाच लागतं. तेव्हा बनवणारा सापडत नसेल, तर वापराचं कलम नीट, स्वतंत्रपणे मांडलेलं हवं. दुसऱ्याची जमीन आपलीच असं सांगून स्वतःच्या नावाने खरेदीखत करून देणं हे बनावटीकरण ठरत नाही, हे २००९ च्या मोहम्मद इब्राहिम निकालात आलं आहे. तिथे फसवलेल्या खरेदीदाराने फसवणुकीचं कलम धरावं.

आपल्या खात्यातून असा चेक वटला, तर त्याच दिवशी बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, उरलेल्या चेकना स्टॉप पेमेंट लावा. वटलेल्या चेकच्या दोन्ही बाजूंची प्रतिमा मागा. इथे एक गोष्ट हमखास राहते. सीटीएस पद्धतीत, म्हणजे चेकऐवजी त्याची फक्त स्कॅन प्रतिमा बँकांमध्ये पाठवण्याच्या पद्धतीत, मूळ चेक आपल्या बँकेकडे येतच नाही. तो जिथे भरला त्या बँकेकडे राहतो. हस्ताक्षर तज्ज्ञाला पेनचा दाब, मध्येच उचललेली लेखणी, गिरवलेल्या रेषा पाहायच्या असतात, आणि त्या स्कॅनवर नीट कळत नाहीत. म्हणून मूळ चेक जप्त करण्याची मागणी तक्रारीतच लिहा. तुलनेसाठी त्याच काळातल्या खऱ्या सह्या द्या. दहा वर्षांपूर्वीची सही फारशी उपयोगी पडत नाही.

‘तुम्ही पासबुक वेळेवर तपासलं नाही’ असं म्हणून बँक हात झटकू पाहते. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन (१९८७) निकाल तेव्हा दाखवावा. त्यात कंपनीच्याच हिशेबनिसाने खोट्या सह्या करून चेकमागून चेक वटवले होते, तरी नुकसान बँकेवरच आलं. खोट्या सहीचा चेक म्हणजे खातेदाराचा आदेशच नव्हे. खातेदाराला गैरप्रकार माहीत होता हे बँकेने सिद्ध केलं, तरच चित्र बदलतं. तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे जरूर वापरा. चेक क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम आधीच बँकेला कळवली, की खाडाखोड केलेला चेक क्लिअरिंगमध्येच पकडला जातो. हाउसिंग सोसायट्यांनी आणि छोट्या संस्थांनी तर हे ठरावच करून लागू करावं, कारण त्यांची चेकबुकं कपाटात आणि चावी अनेकांच्या हातात असते.