टॅलिलिन रेल्वे: दारं एकाच बाजूला

आई डोंबिवलीहून आली की लंडन दाखवायचं, हा आमचा शिरस्ता. या वेळी तीच म्हणाली, "गर्दी तिकडे रोज बघते, एखादं खेडं दाखव." म्हणून बर्मिंगहॅमहून वेल्सच्या किनाऱ्यावरचं टाविन गाठलं. जवळपास तीन तास लागतात. वाटेत मखन्लेथला गाडीचे दोन भाग होतात, एक ॲबरिस्टविथला आणि दुसरा किनाऱ्याने वर जातो. आपण किनाऱ्याच्या भागात बसलोय ना, हे निघतानाच बघा. आम्ही बघितलं नाही आणि मखन्लेथच्या फलाटावर आईला बॅगांसकट पळवलं.

टाविनहून सुटणारी टॅलिलिन ही वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे मुळात पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली. 1950 साली मालक वारले, गाडी बंद पडणार अशी चिन्हं होती. मग काही हौशी लोकांनी आमच्याच बर्मिंगहॅममध्ये सभा घेतली आणि 14 मे 1951 पासून स्वतःच गाडी चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. 1864 आणि 1866 ची मूळ इंजिनं अजून आहेत. रुळांमधलं अंतर 2 फूट 3 इंच, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षा तीन इंच जास्त. "बसायला काही कळत नाहीत हो ते तीन इंच," इति आई.

डब्यांना दारं मात्र एकाच बाजूला. पूल इतके अरुंद बांधले गेले, की तिथे गाडी अडकली तर उतरायलाच जागा नव्हती. तेव्हा एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि पुलांखाली रूळच थोडे सरकवले, म्हणजे निदान दुसरी बाजू मोकळी! दीडशे वर्षांचा जुगाड, आणि आजही तसाच चालू.

वाटेतल्या डोलगोख स्टेशनला इंजिन पाणी पितं. परतीच्या गाडीपर्यंत इथेच उतरा, धबधबा चालत दहा मिनिटांवर आहे. खडक निसरडे असतात, चपला नकोत. पुढचं शेवटचं स्टेशन नांत ग्वेरनोल. तिथे मोटाररस्ता जात नाही, हॉटेलही नाही. चहा-खाणं आधीच्या आबरगनॉलविनला उरकावं. हिवाळ्यात गाड्या फार थोड्या, त्यामुळे वेळापत्रक बघूनच तिकीट काढा. टाविनच्या स्टेशनातलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय वेळ उरला तर बघा, आम्ही घाईत उरकलं.

परतल्यावर इंजिनाचं पितळ पुसणाऱ्या एका आजोबांना आईने माझ्यामार्फत पगार विचारला. ते हसले. पगार कुठला, उलट वर्षाला सभासदाची वर्गणी भरतात म्हणे. आई म्हणाली, "म्हणजे पदरमोड करून कोळसा टाकायचा?" आणि पर्समधला चिवड्याचा पुडा त्यांच्या काळ्या हातावर ठेवला.

पांढरे कपडे घालून जाऊ नका. इंजिनाला लागून असलेल्या डब्यात खिडकी उघडी ठेवून बसलो होतो, आईच्या साडीवरची काजळी दोनदा धुऊनही गेलेली नाही.