केअर सेंटर बघायला जाताय? आधी पेशंटच्या टाचा बघा

हल्ली महिन्यातून एखादा तरी फोन येतोच. "ताई, नानांना जिथे ठेवलंय ते कसंय हो, आमच्या आईसाठी बघतोय." मग मी अर्धा तास बोलते, समोरचा हो हो म्हणतो आणि शेवटी विचारतो, "पण एसी आहे ना?" म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

नाना म्हणजे माझे वडील. अमळनेर तालुक्यातलं गाव, आयुष्यभर शेती, कापूस आणि दादर (आमच्याकडची ज्वारी). लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. भाऊ सुरतला (आपल्याकडे निम्मं गाव सुरतलाच असतं), आईचे गुडघे कामातून गेलेले, मी धुळ्यात शाळेत. घरी बरेच दिवस केलं, पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस ठेवला, तो पगार झाला की गायब, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी सेंटर शोधायला लागलो. लोक काय म्हणतील हा विषय इथे काढत नाही कारण लोक जे म्हणायचं ते म्हणालेच, एका काकांनी तर लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, बापाला टाकलं का गं. त्यांना म्हटलं काका, तुम्ही एक रात्र या कूस बदलायला. आले नाहीत.

एक आधीच सांगते, साधे ट्रस्टचे वृद्धाश्रम वेगळे आणि हे वेगळं. वृद्धाश्रमात बहुतेक ठिकाणी हिंडतं-फिरतं, स्वतःचं स्वतः करणारं माणूस लागतं. अंथरुणावरचा पेशंट म्हटलं की फोनवरच नाही म्हणतात, आणि त्यात त्यांची चूक पण नाही, तेवढी माणसंच नसतात त्यांच्याकडे. मी लिहितेय ते बेडरिडन पेशंट ठेवतात अशा जागांबद्दल.

धुळे, जळगाव, नाशिक तिकडे ज्या ज्या जागा बघितल्या तिथे सुरुवात सारखीच. गेटवर गणपती, मग ऑफिस, मग सोफा, मग मोबाईलवर सीसीटीव्ही कसा दिसेल त्याचा डेमो, मग गार्डन. अहो, ज्या माणसाला कूस स्वतः बदलता येत नाही त्याला गार्डन काय करायचंय? मी तर सरळ म्हणायला लागले, साहेब ते राहू द्या, मागची खोली दाखवा. प्रत्येक सेंटरला एक मागची खोली असते. तिथे असे पेशंट असतात ज्यांच्याकडे कोणी येत नाही, मुलगा परदेशात, नाहीतर पैसे ऑनलाईन येतात आणि माणूस वर्षातून एकदा. त्या पेशंटला बघा. ज्याची सून रोज संध्याकाळी डबा घेऊन येते त्याचा भांग पाडलेला असणारच, पावडर लावलेली असणारच. ज्याच्यासाठी भांडायला कोणी नाही त्याची नखं कशी आहेत, ओठ सुकलेत का, चादर कधी बदललीय, हे बघितलं की त्या जागेचं खरं काय ते कळतं. आपण पण एक दिवस आजारी पडणार, बदली होणार, येणं कमी होणार, तेव्हा आपलं माणूस त्याच रांगेत जाणार आहे.

आता टाचा. झोपून असलेल्या माणसाला बेडसोअर होतो, म्हणजे एकाच जागी दाब पडून जखम, तो जिथे हाड कातडीला टेकतं तिथे, माकडहाडावर, खुब्यावर, टाचेला, कधी डोक्याच्या मागे पण. दुसऱ्याच्या पेशंटची पाठ आपण उघडून बघू शकत नाही आणि बघू पण नये, पण पाय पांघरुणाच्या बाहेर असतातच. टाच गादीवर दाबून पडलीय का पोटरीखाली उशी देऊन अधांतरी ठेवलीय, हे दारातून दिसतं. ज्यांना टाचेचं कळतं त्यांना बाकीचं पण बहुतेक कळत असतं. सुरुवात नुसत्या लालीने होते, बोटाने दाबलं की लाली जायला पाहिजे आणि सोडल्यावर परत यायला पाहिजे, दाबूनही जात नसेल तर आत बिघडायला लागलंय. आपल्या सावळ्या कातडीवर तर लाली दिसत पण नाही, म्हणून हात लावून बघायचं, ती जागा गरम लागते का, कडक झालीय का. हे मला एका सेंटरच्या सिस्टरने स्वतः करून दाखवलं, नानांना तिथे ठेवायचं ठरायच्या आधी, आणि माझं निम्मं मत तिथेच झालं.

कूस साधारण दर २ तासांनी बदलायची असते. एअर बेड घेतला म्हणून सुटका होत नाही, हे पण लोकांना वाटतं की एअर बेड लावला आता बघायला नको. कूस बदलल्याचा चार्ट असतो, तो मागा. एका चकाचक जागेत मी मागितला. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि चार्टवर रात्री १० पर्यंतच्या सह्या झालेल्या! एकच निळं पेन, एकच तिरपं अक्षर. आणि मॅनेजर शेजारी उभं राहून सांगतोय, मॅडम आमच्याकडे सगळं रेकॉर्ड असतं. मी काही बोलले नाही, चहा पण घेतला त्यांचा, आणि निघाले.

एक प्रश्न सगळीकडे विचारायचा. सध्या तुमच्याकडे किती जणांना बेडसोअर आहे? जो म्हणतो "एकालाही नाही, आमच्याकडे होतच नाही" त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. एका ठिकाणी सांगितलं, दोघांना आहे, एक आजी हॉस्पिटलमधूनच घेऊन आल्या, दुसऱ्या बाबांना इथेच झाला, ड्रेसिंग चालू आहे, आता भरत आलाय. असं सांगणारा बरा.

वासाबद्दल सगळे सांगतात, पण सकाळी ७ ला डायपर बदलायच्या वेळेला गेलात तर वास येणारच हो. दुपारी ४ ला पण तोच वास आणि तो गादीतून येतोय, मग विचार करा. फिनाईलचा नुसता भपकारा असेल तरी मला शंका येते. लघवीची पिशवी बघा, ती कंबरेच्या खाली लटकलेली पाहिजे पण फरशीवर लोळता कामा नये, नळीला पीळ नको. नाकातून नळी असेल तर भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोक्याकडची बाजू उंच पाहिजे, सपाट झोपवून दूध सोडत असतील तर ते छातीत जाऊन न्यूमोनिया होतो.

आणि पाणी. आपल्याकडचा मे महिना काय असतो ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही, जळगाव-भुसावळ ४५ च्या वर जातं. म्हाताऱ्या माणसाला तहानेची जाणीवच कमी होते, त्यात ज्याला बोलता येत नाही तो मागणार कसा. म्हणून मी म्हणते सेंटर बघायला एप्रिल-मे मध्ये जा, दुपारी २ ला. हिवाळ्यात सगळी सेंटरं चांगली दिसतात. कूलर चालू आहेत का, त्यात पाणी आहे का नुसता गरम वारा फेकतायत, लाईट गेली तर इन्व्हर्टर फक्त ऑफिसला आहे का वॉर्डला पण. पाण्याचा ग्लास पेशंटच्या चालत्या हाताच्या बाजूला आहे का? नानांची उजवी बाजू गेलेली आणि एका जागी ट्रायलला ठेवलं तर स्टूल उजवीकडे! तांब्या भरलेला, वर झाकण, अगदी व्यवस्थित, आणि माणूस तहानलेला. नाना डाव्या हाताने चादर ओढून ओढून सांगत होते, "माले पानी दे व माय." त्या संध्याकाळीच घरी घेऊन आलो.

जेवणाच्या वेळेला जाऊ देत नाहीत ती जागा सोडून द्या, एवढं सोपं आहे. मेनूचा बोर्ड वाचायचा नाही, भरवणारीला बघायचं. पाच पेशंटला एकच मावशी चमच्याने भरवतेय आणि पुढचा घास आधीचा गिळायच्या आत तोंडाशी, असं असेल तर ठसका लागणारच, आणि लकवा झालेल्याला ठसका म्हणजे साधी गोष्ट नाही. बसवून भरवतात का, जेवण झाल्यावर तोंड आतून पुसतात का, कवळी काढून धुतात का. आम्ही आत्ता जिथे आहोत तिथल्या मावशी दादरची भाकरी डाळीत कुस्करून इतकी मऊ करतात की नानांना गिळता येते, आणि भरवताना सारखं बोलत असतात, "नाना, पानी पी ल्या बरं," मधेच शेवभाजीची आठवण काढतात, नाना हसतात. वजन पण दर महिन्याला लिहितात. वजन तीन-चार महिन्यांत घसरत चाललं असेल तर मेनूवर काहीही लिहिलेलं असो.

स्टाफबद्दल मॅनेजरला विचारून उपयोग नाही. मावशीला विचारा, किती वर्षं झाली इथे? सगळ्याच दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेल्या असतील तर पगार वेळेवर होत नाहीत किंवा राबवून घेतात, आणि त्याचा राग कोणावर निघतो ते सांगायला नको. रात्री कोण असतं, नाव काय, किती पेशंटमागे किती जण? ट्रेन्ड सिस्टर म्हणजे काय ते पण विचारा, नर्सिंगमध्ये जीएनएम ३ वर्षांचा कोर्स, एएनएम २ वर्षांचा, आणि बऱ्याच जागी पांढरा कोट घातलेली मुलगी दोन्हीपैकी काहीच नसते. तरी माझं म्हणणं, शिकलेली एक सिस्टर पाहिजेच पण खरं काम मावश्या आणि मामाच करतात. ते पेशंटला नावाने हाक मारतात का "ए ७ नंबर" म्हणतात ते ऐका.

हात बांधलेले पेशंट दिसले तर कारण विचारा. नळी ओढतात म्हणून थोडा वेळ बांधलं आणि घरच्यांना सांगितलं, हे एक वेळ समजू शकतं, पण त्रास नको म्हणून दिवसभर बांधून ठेवणं वेगळं. त्याहून वाईट म्हणजे झोपेची गोळी, कारण ती दिसत नाही. सकाळी ११ ला अख्खा वॉर्ड गाढ झोपलेला, एक पण आजी कुरकुरत नाही, कोणी भांडत नाही... इतकी शांतता मला तरी आवडत नाही. औषधांची यादी दर भेटीला बघा, नवीन गोळी कोणी लिहिली, कशासाठी, तारीख आहे का.

कागदपत्रांचं थोडक्यात. नर्सिंग होम म्हणवत असतील तर १९४९ च्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन असायला पाहिजे आणि ते सर्टिफिकेट भिंतीवर दिसायला पाहिजे, मुदत संपलेली नाही ना बघा. बाकी सेंटरांचं काही धड नसतं, कुठे ट्रस्टची नोंदणी, कुठे नुसतं दुकानांना असतं तसं गुमास्ता लायसन्स. डिपॉझिट परत कधी, डायपर, फिजिओ, डॉक्टरची व्हिजिट यात धरलीय का वरून, रात्री सिरीयस झालं तर कोणत्या हॉस्पिटलला नेणार आणि आधी फोन करणार का नंतर, हे सगळं लिहून घ्या. तोंडी २० हजार म्हणतात आणि बिल येतं २८ चं. काही अगदीच वाईट बघितलंत तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे. आणि जाता जाता, ज्यांनी "आई-बाबा सांभाळेन" म्हणून लिहून देऊन शेत नावावर करून घेतलं आणि आता विचारत नाहीत, त्यांनी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वाचावा, कलम २३, ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. आमच्या त्या काकांना पण सांगायचं राहिलं.

ठेवल्यावर काम संपत नाही. वेळ ठरवून जाऊ नका, कधी रविवारी रात्री ९ ला, कधी जेवणाच्या आधी. पण गेल्या गेल्या मावशीवर ओरडायचं पण नाही. मी बघते ना, एक साहेब येतात, कारमधून उतरल्यापासून आवाज चढलेला, हे का असं ते का तसं, आणि मावश्या त्यांना काही सांगतच नाहीत, त्यांच्या आईला ताप आला तरी शेवटपर्यंत दाबून ठेवतात कारण शिव्या कोण खाणार. ओळख ठेवली, घरचं विचारलं, सणाला मांडे नेले, की त्या स्वतःहून फोन करतात, आणि तो फोन तुमच्या सीसीटीव्हीपेक्षा कामाचा.

आमचं सेंटर काही भारी नाही. धुळ्यातला जुना बंगला, रंग उडालेला, टीव्ही कायम मोठ्याने, डॉक्टर सांगितलेल्या वेळेला कधीच येत नाहीत. मागच्या पावसाळ्यात नानांच्या डाव्या टाचेला लाली आलीच. पण ती मला दिसायच्या आधी सिस्टरचा फोन आला, संध्याकाळी ६ ला, ताई, टाच लाल वाटतेय, उशी बदलली, उद्या डॉक्टरांना दाखवते, तुम्ही पण येऊन बघून जा. फोटो पण पाठवला. पंधरवड्यात गेलं ते. आधी बघितलेल्या महागड्या जागेने मला असा फोन केला असता? नाही वाटत.

एक मोठी तक्रार आहे ती कपड्यांची. धोब्याकडून येताना सगळं मिक्स होतं, नाना कधी कोणाची बंडी घालून बसलेले असतात, कधी त्यांचं धोतर दुसऱ्याच बाबांच्या अंगावर, आणि कितीही बोललं तरी सुधारत नाही. त्यामुळे ठेवायला जाल तेव्हा प्रत्येक कपड्यावर पक्क्या मार्करने नाव टाका, टॉवेल दोन जास्तीचे द्या, आणि अंगठी घरीच ठेवा.