बामणोली, वासोटा आणि वीस लिटरचा कॅन

साताऱ्यातून निघालो तेव्हा सव्वासहा वाजले होते, आणि यवतेश्वरचा घाट चढून होईपर्यंत भाकरीला डिझेलचा वास लागला होता.

चूक माझीच. आदल्या रात्री बामणोलीच्या तात्यांचा फोन आला. "सायेब, येताना तेवढं वीस लिटर डिझेल आना. पैसं हितं देतो." तात्या होडीवाले. त्यांच्या होडीतून मी याआधी दोनदा वासोटा किल्ल्यावर गेलोय, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. घरात जुना निळा कॅन होता, तो घेतला. पंपावरच्या पोराने तो डिकीतून खाली काढून जमिनीवर ठेवायला लावला. म्हणाला, गाडीत ठेवून भरत नाही, ठिणगी पडते. मला ते उगाच वाटलं. शिवाय मी त्याला म्हटलं, "भर रे काठोकाठ." झाकणाच्या आत वायसर नाही हे मी बघितलंच नाही. यवतेश्वरच्या वळणांवर कॅन डावी-उजवी करत राहिला आणि शेजारच्या पिशवीत बायकोने बांधून दिलेल्या सहा भाकऱ्या, ठेचा आणि पिठलं. पुढचं सांगायला नको.

कासच्या पठारावर थांबून मित्राने डिकी उघडली आणि म्हणाला, "अरे, हा तर गॅरेजचा डबा झालाय." फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता, पठार वाळून पिवळं पडलेलं. सप्टेंबरात इथे गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि आता आम्ही तिघं आणि एक टिटवी. कॅन उभा केला, फडक्याने पुसला आणि झाकणाखाली पिशवीचा तुकडा घालून आवळला. मग खाली बामणोली.

कोयनेचं पाणी पहिल्यांदा दिसतं ना, तेव्हा दर वेळी गाडीतली बडबड थांबते. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. साधारण १०५ टीएमसीचं धरण. इथलं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे जातं आणि त्यावर महाराष्ट्राची वीज होते, सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट. पण त्याच पाण्याखाली जावळीतली गावं, वाटा, देवळं गेली. वर उरलेल्या वाड्यांना शेजारच्या वाडीत जायचं तर मधे पाणी. रस्ता म्हणजे होडी आणि होडी म्हणजे डिझेल. एवढ्या विजेच्या उशाला राहणारी माणसं कॅन वाहतात, हे दर वेळी मला खटकतं. तात्यांना खटकत नाही. त्यांना वायसर खटकला.

"सायेब, ह्यात वायसर कुटं हाय?"

मी गप्प.

"आन् एवडं गच कशापायी भरलं? ऊन लागलं की त्याल फुगतंय. चार बोटं मोकळी सोडायची."

खरंच फुगतं. दहा-पंधरा अंशांनी तापमान वाढलं की वीस लिटरमागे पाव लिटर जास्तीचं होतं आणि ते झाकणातून वाट काढतं. हे मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. तात्यांनी चार बोटांत सांगितलं होतं.

पाणी बरंच उतरलं होतं, त्यामुळे होडी नेहमीच्या धक्क्यापासून लांब, गाळाच्या पलीकडे लागलेली. वीस लिटर डिझेल म्हणजे सोळा-सतरा किलो. पाण्यापेक्षा हलकं, पण घोट्यापर्यंत चिखलात एका हाताने उचलून न्यायचं तर ते गणित आठवत नाही. वन खात्याची परवानगी काढायला मित्र रांगेत उभा होता. गडावर प्लास्टिक काय काय नेताय त्याची मोजदादही तिथेच करून घेतात.

शेजारच्या होडीला पेट्रोलचं, मागे लटकवायचं इंजिन होतं. तात्यांचा पुतण्या त्याची लाल टाकी नळीतून सोडवून काठावर घेऊन आला, दगडावर ठेवली आणि तिथे भरायला लागला. होडीतच का नाही भरत, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं, जसं आपण घाटात ओव्हरटेक करणाऱ्या पुणेकराकडे बघतो तसं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, होडीच्या तळाशी बसून राहते. वास गेला असं वाटतं, आणि मग कोणीतरी स्टार्टर ओढतो. डिझेलचं तसं नाही, ते सहजी पेटत नाही. म्हणून तात्या डिझेलवाले. पुतण्याची दुसरीही तक्रार होती. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते हवेतली ओल खेचतं, आणि पाण्यावर दिवसरात्र राहणाऱ्या टाकीला ओल काही कमी नाही. फार दिवस पडून राहिलं की पाणी तळाशी उतरतं आणि इंजिन बरोबर मधोमध खोकायला लागतं.

तात्यांचं इंजिन शेतातल्या पाण्याच्या इंजिनासारखं, एक सिलिंडरचं, हँडल मारून चालू करायचं. टाकी जेमतेम बारा लिटरची. नरसाळ्यात पांढरं फडकं घालून त्यांनी आठ लिटर ओतलं, काडी घालून मोजलं, काडी पुसली आणि कानावर ठेवली. उरलेला कॅन होडीच्या बरोबर मधे, फळीखाली, दोरीने बांधला.

"हा घरीच ठेवा की," मी म्हटलं. "टाकी भरली ना आता?"

"घरात ठिवल्यालं डिझेल होडीला काय कामाचं?" आणि मग, हँडल हातात घेत, "एक वाटा जायाला, एक वाटा यायाला, आन् एक देवाचा. देवाचा वाटा जास्त झाला तर देव रागवत न्हाई. कमी पडला तर रागवतो."

वासोट्याबद्दल फार लिहीत नाही, लिहिणारे खूप आहेत. मेट इंदवलीला उतरलो, जंगलातून चढलो. वर बिनछपराचा मारुती, बाबूकड्याची अर्धगोल भिंत, समोर जुना वासोटा, आणि पश्चिमेला कोकण धुरकट. भाकरी खाल्ली. पहिला घास सगळ्यांनी एकदम तोंडात घातला आणि एकदम एकमेकांकडे बघितलं. ठेच्याने बरंच सावरलं. पिठल्याला मात्र इलाज नव्हता.

तीनच्या सुमाराला परत निघालो. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी आता खडबडीत झालं होतं. दुपारनंतर खोऱ्यातून वारा उठतो आणि लाटा लहान पण टणक, होडीच्या पोटावर थापा मारल्यासारख्या. इंजिनाचा आवाज तोच, पण काठावरची झाडं सकाळपेक्षा हळू मागे जात होती. तासाला दोन-सव्वादोन लिटर जळतं, हे तात्यांचं गणित. वारा समोरून असला की तास लांबतो आणि गणित बदलतं.

एका फाट्याच्या तोंडाशी पांढरं काहीतरी हललं. मला बगळा वाटला. तात्यांनी लगेच होडी वळवली. लोखंडी होडी होती, त्यात दोन माणसं, चार पोती आणि एक शेळी. एकजण बनियन हलवत होता, दुसरा वाळलेल्या झाडाच्या बुंध्याला धरून बसला होता, नाहीतर वारा त्यांना खडकावर नेत होता. डिझेल संपलेलं.

"जवळ लावू नगा," तात्या आम्हाला म्हणाले, जणू होडी आम्हीच चालवत होतो. त्यांची लोखंडी, आमची फायबरची. या लाटांत दोन्ही घासल्या असत्या तर आमची फुटली असती. वीस-पंचवीस फुटांवर इंजिन बंद केलं आणि मित्राला वल्हं धरायला दिलं.

नंतरचं मी अगदी जवळून बघितलं. तात्यांनी मोठा कॅन सोडून वर फळीवर ठेवला. खाली तळाला पाच लिटरचा छोटा कॅन. एक पारदर्शक नळी, दीड-दोन मीटरची. मला वाटलं आता तोंडाने ओढणार, आमच्याकडे टेम्पोवाले तसंच करतात आणि मग दिवसभर थुंकत बसतात. तात्यांनी नळी गुंडाळी करत करत जवळजवळ सगळी कॅनच्या आत सरकवली, फक्त टोक बाहेर. आत नळीत डिझेल चढत गेलं, हवा वरच्या टोकातून निघून गेली. मग टोकावर अंगठा दाबला, घट्ट, आणि नळी हळूहळू बाहेर ओढून टोक छोट्या कॅनमध्ये सोडलं. अंगठा काढला. डिझेल आपसूक वाहायला लागलं, ना आवाज, ना शिंतोडा. आतलं टोक तळाला टेकू दिलं नाही, बोटभर वरच धरलं. कॅनच्या तळाशी पाणी आणि गाळ असतो, तो गेला की पुढच्याचा फिल्टर तुंबतो. छोटा कॅन चार बोटं मोकळा राहिल्यावर त्यांनी मोठ्या कॅनमधलं टोक वर उचललं, वाहणं थांबलं.

थांबताना नळीच्या टोकाचा एक थेंब पाण्यात पडला. एकच. बघता बघता तो परातीएवढा पसरला, जांभळा, हिरवा, सोनेरी. मी मोबाईल काढला. तात्यांनी पटकन फडकं त्याच्यावर टाकून उचललं, पिळलं नाही, तसंच डब्यात कोंबलं. "फोटो कसला काढताय. हेच पानी आमी पितो."

मोबाईल खिशात.

एका दोरीला लाकडाचा तुकडा बांधून त्यांनी पलीकडे भिरकावला. दुसऱ्या फेकीला बनियनवाल्याने पकडला. दोरीच्या मधे छोटा कॅन बांधला आणि सरळ पाण्यात सोडला! मी ओरडणारच होतो. कॅन एक डुबकी मारून वर आला आणि बदकासारखा तरंगत निघाला. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, वर चार बोटं हवा, बुडेल कशाला? त्यांनी ओढला, आम्ही सोडला.

त्यांनी टाकीत ओतलं, हँडल मारलं. फट. पुन्हा फट. शेळी सोडून सगळ्यांच्या तोंडावर काळजी.

"एअर धरली," तात्या म्हणाले. डिझेलचं इंजिन कोरडं पडलं की नळीत हवा शिरते. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही, ती हवा काढावी लागते. पेट्रोलवाल्यांना ही कटकट फारशी नसते. पलीकडे पाना नव्हता. होडीत शेळी होती, पाना नव्हता. तात्यांनी यावर जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. रिकामा कॅन आम्ही दोरीने परत ओढला, त्याच्या कडीला पाना बांधला आणि पुन्हा सोडला.

"फिल्टरवरचा नट ढिला कर! लै न्हाई, दोन आटं! बुडबुडं येत्यात का?"

"येत्यात!"

"येऊ दे! निस्तं डिझेल आलं की आवळ! मंग नोझलचा ढिला कर, हँडल मार, फुर्र फुर्र आलं की आवळ!"

दहा मिनिटं गेली असतील. मित्राचे हात वल्ह्याने भरून आले होते, तेवढ्यात पलीकडून काळा धूर निघाला आणि टकटकटक सुरू झालं. बनियनवाल्याने बनियन घातलं. पाना परत आला. पैशांबद्दल कोणी काही बोललं नाही. नंतर मी विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, कॅन भरून येईल, आज नाही तर होळीला. त्यांचं कधी संपलं होतं का, तेही विचारलं. एकदा, अंधारात, पावसाळ्याच्या तोंडाला. मोबाईलची बॅटरी तोंडात धरून एअर काढली होती. तेव्हापासून टाकी चौथाईच्या खाली जाऊ देत नाहीत.

बामणोलीला लागलो तेव्हा ऊन कासच्या कड्यावर गेलं होतं. तात्यांनी कानावरची काडी टाकीत घातली, बघितली, काही न बोलता परत कानावर ठेवली. कॅनमधलं उरलेलं सगळं त्यांच्या घरच्या पिंपात गेलं. मग त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून गोल कापून वायसर केला, माझ्या कॅनच्या झाकणात बसवला, कॅन उलटा करून हलवून बघितला आणि गाडीत ठेवला. डिझेलचे पैसे मोजून माझ्या हातात दिले. सांडलेल्या अर्ध्या लिटरचेही. मी नको म्हणत होतो, ते ऐकत नव्हते.

निघताना उरलेल्या दोन भाकऱ्या धक्क्यावरच्या कुत्र्याला घातल्या. तो धावत आला, हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि गेला.