क्लोजर ३ मिमी आलं आणि मी खूश झालो

मागे एका चौकोनी प्लॉटचा सर्व्हे होता, चारही बाजू साधारण ६० मीटरच्या. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं मशीन) चार स्टेशनचा ट्रॅव्हर्स फिरवला, म्हणजे कोपऱ्या-कोपऱ्याने मोजत परत सुरुवातीला आलो, दोन्ही फेसवर (दुर्बीण सरळ आणि उलटी करून) रीडिंग घेतली, क्लोजर, म्हणजे परत आल्यावर पडणारी तफावत, आलं फक्त ३ मिमी. म्हटलं चला, आज लवकर सुटका.

निघताना सहज म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन जुने कंट्रोल पॉइंट (जागा आधीच पक्की ठरलेले) ताडून पाहिले (सहज म्हणतोय, खरं तर ते आधीच करायचं असतं) तर कर्ण ४२ मिमी जास्त! ट्रॅव्हर्स बंद होतोय आणि अंतर चुकतंय म्हणजे काय? आधी वाटलं पॉइंटच कोणीतरी हलवला असेल, दुसऱ्यावर ढकलायला बरं पडतं ना. मग तापमानावर संशय, कारण मशीनमध्ये २० अंश टाकलेलं आणि बाहेर ३८, पण त्याने अंशाला किलोमीटरमागे १ मिमीच्या आसपास फरक पडतो, म्हणजे ८५ मीटरच्या कर्णात जेमतेम दीड मिमी. ते नव्हे.

शेवटी स्टीलची टेप काढली. एका बाजूला टेप मशीनपेक्षा ४४ मिमी कमी दाखवतेय, म्हणजे अजूनच घोळ. मग लक्षात आलं की टेप २० अंशाला बरोबर असते, उन्हात ४० पर्यंत तापली की ६० मीटरमागे १४ मिमी लांबते आणि लांबलेली टेप अंतर कमी दाखवते. १४ वजा केले, राहिले ३०. दुसरी बाजू मोजली, पुन्हा ३०च.

तो आकडा बघून पोटात गोळा आला. प्रिझम (मशीनचा किरण परत पाठवणारी काच) धरणाऱ्या पोराला विचारलं, कुठला लावलायस रे? "सर, कालचा ऑफिसातच राहिला, हा दुसरा आणलाय." कालच्याचा कॉन्स्टंट (त्या प्रिझमसाठी अंतरात करायची ठरावीक दुरुस्ती) शून्य, ह्याचा उणे ३० मिमी, आणि मशीनमध्ये शून्य तसाच. त्याला काय बोलणार, सेटिंग बघायचं काम माझं.

आणि क्लोजरने पकडलं का नाही, तर बाजू सगळ्या जवळपास सारख्या आणि प्रत्येकीत ३० मिमी जास्त, म्हणजे समोरासमोरच्या बाजूंची चूक एकमेकींना खाऊन टाकते, चौकोन नुसता जरा फुगतो आणि मस्त बंद होतो. दोन फेसनेही कॉलिमेशनची (दुर्बिणीच्या रोखाची) चूक जाते, ही नाही. क्षेत्रफळ मात्र साडेतीन चौरस मीटरने वाढलेलं.

कोन ठीकच होते, म्हणून प्रत्येक अंतरातून ३० मिमी काढून तिथेच हिशोब परत केला. कर्ण २ मिमीत बसला. आणि क्लोजर? ५ मिमी.