अण्णांचं गर्डलिंग

6 वर्षांपूर्वी अण्णांची अन्ननलिका काढली, कॅन्सरच होता, आणि जठराचीच लांब नळी करून छातीत वर ओढून गळ्याकडे जोडली. तेव्हापासून वाटी-वाटीने दिवसातून 6 वेळा खाणं, पलंगाची डोक्याकडची बाजू विटांवर आणि दरवर्षी एन्डोस्कोपी. पंचवटीतल्या आत्याचं ठरलेलं, "बरा झालाय ना तो आता, कशाला नळ्या घालून छळताय."

यंदा त्या नळीतच लालसर, जरा खोलगट डाग निघाला. बायोप्सीत परत कॅन्सर, पण जुना उलटलेला नाही, जठराचा नवाच. माझे पायच गळाले, कारण ती नळी काढायची म्हणजे छाती पुन्हा उघडा आणि मग अन्न जायला आतड्याचा तुकडा जोडा, 72 व्या वर्षी!

डॉक्टर म्हणाले वरच्याच थरात दिसतंय, दुर्बिणीतूनच काढू. ईएसडी म्हणतात, पद्धत जपान्यांची. डागाभोवती खुणा करायच्या, खाली सलाईनसारखं पाणी टोचून तो फोडासारखा उचलायचा, मग विजेच्या बारीक सुरीने कडेने चिरून खालून सोलत आणायचा, तोही अख्खा, तुकडे झाले तर कडा साफ आहेत का आणि किती खोल गेलंय हे तपासणाऱ्याला कळणार कसं. आमचे अण्णा पिंपळगावचे द्राक्षवाले, पटकन म्हणाले "म्हणजे गर्डलिंगच की, साल काढायची, लाकडाला धक्का नाही." मग आम्हीच डॉक्टरांना आधी गर्डलिंग समजावून सांगितलं, द्राक्षवेलीच्या खोडाची साल कड्यासारखी काढतात ते.

पण अण्णांच्या नळीत जागा अरुंद, पित्त वर येतं, आणि जुन्या ऑपरेशनात मारलेल्या स्टेपलांच्या रेषेपाशी सगळं चिवट झालेलं. भोक पडलं तर ते छातीत पडणार, हे सही घेताना सांगितलं, रात्रभर माझ्या डोक्यात तेवढंच.

3 तास लागले. मग मोबाईलवर फोटो दाखवला, कॉर्कवर टाचण्या मारून ताणलेला गुलाबी तुकडा, बोराएवढा पण नाही.

रिपोर्टात कडा साफ, खाली उतरलेलं नाही, रक्तवाहिन्यांतही काही नाही. आतली जखम भरेपर्यंत 8 आठवडे अ‍ॅसिड कमी करायच्या गोळ्या. शिवाय एच पायलोरी हा जठरातला जंतू निघाला, त्याचा 14 दिवसांचा कोर्स, गोळ्यांनी तोंड कडू झालं म्हणून अण्णांची घरभर चिडचिड, ऑपरेशनला केली नाही एवढी.

पुढची स्कोपी ऑक्टोबरात. अण्णांनी स्वतःच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलीये, छाटणीच्या तारखेशेजारी, आणि दोन्ही एकाच आठवड्यात येतायत म्हणून आत्तापासून वाद चालू आहे की मजूर आधी बोलवायचे की डॉक्टरांना फोन करायचा.